अतिरिक्त साखर

अतिरिक्त साखर म्हणजे अन्नपदार्थ तयार करताना किंवा खाताना त्यात वेगळी घातली जाणारी साखर. उसाची साखर, गूळ, काकवी, मध, ग्लुकोज सिरप इत्यादी पदार्थ या गटात मोडतात. दूध, फळे व भाज्या यांत मुळातच असलेल्या शर्करेचा त्यात समावेश होत नाही. जागतिक आरोग्य संघटना याहून व्यापक अशी 'मुक्त शर्करा' ही संज्ञा वापरते; तिच्यात फळांच्या रसातील शर्कराही धरली जाते. अख्खे संत्रे खाल्ल्यास त्यातील तंतुमय भागामुळे शर्करा सावकाश शोषली जाते आणि एक-दोन संत्र्यांत पोट भरते. चार संत्र्यांचा रस मात्र दोन मिनिटांत पिऊन होतो.

प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील मार्गदर्शनानुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त शर्करेतून मिळावी. ती ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक लाभ संभवतो. २,००० किलोकॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे सुमारे ५० व २५ ग्रॅम असा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेली मर्यादा २५ ते ३० ग्रॅम आहे.

मराठी घरातील चहाचा हिशेब केल्यास ही मर्यादा किती तोकडी आहे ते लक्षात येते. एका सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून तीनदा घेणाऱ्या व्यक्तीच्या पोटात २४ ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. बिस्किटे, केचप, शीतपेय यांची गणना त्यानंतरची. श्रीखंड किंवा पुरणपोळी यांना सहसा दोष दिला जातो. परंतु हे सणावारी होणारे पदार्थ आहेत, आणि वर्षभराची बेरीज रोजच्या कपातूनच वाढते.

गूळ आणि मध

साखरेऐवजी गूळ वापरल्यास प्रश्न सुटतो, हा समज व्यापक आहे. गुळात लोह व इतर खनिजे अल्प प्रमाणात असतात, तरी त्याचा मुख्य घटक सुक्रोजच असून ऊर्जाही जवळपास साखरेइतकीच मिळते. मधही मुख्यतः शर्कराच आहे. गूळ चवीसाठी खावा. मधुमेहावरील पथ्य म्हणून तो निरुपयोगी आहे.

आरोग्यावरील परिणाम

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्यातून दंतक्षय होतो. जास्तीची ऊर्जा लठ्ठपणा व यकृतातील चरबी वाढवते आणि त्यातून टाइप २ मधुमेहाचा धोका संभवतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि साखरेचा खप जवळपास दुप्पट झाला. त्या सुमारास जन्मलेल्यांच्या आरोग्यनोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेत व बालपणाच्या आरंभी रेशनिंग अनुभवलेल्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला.

वेष्टनावरील नोंद

भारतात वेष्टनावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. साखर, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशी विभागणी केल्यास प्रत्येक नाव यादीत खाली सरकते, म्हणून पोषणतक्त्यातील 'अतिरिक्त साखर' हा आकडा पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. तो १०० ग्रॅमसाठी आहे की एका वाढपासाठी, हेही तपासावे लागते. 'साखर घातलेली नाही' असे छापलेल्या फळरसातही मुक्त शर्करा असतेच.

सवयीत बदल

साखर एकदम बंद करण्यापेक्षा चहातील साखर दर आठवड्याला पाव चमच्याने कमी करणे बहुतेकांना सोपे जाते. कमी साखरेची सवय झाल्यावर तोच पदार्थ अधिक गोड लागू लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे; जुना आहार पुन्हा सुरू होताच हा परिणाम ओसरतो. शीतपेयाऐवजी ताक किंवा साखर न घातलेले लिंबूपाणी, आणि बिस्किटांऐवजी भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा फळ हे पर्याय सहज उपलब्ध असतात. इन्सुलिन किंवा मधुमेहावरील गोळ्या घेणाऱ्यांनी आहारातील मोठा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. रक्तातील साखर अचानक उतरल्यास त्यांना साखर तातडीने द्यावी लागते.

कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये संलग्न शाळांना 'शुगर बोर्ड' लावण्यास सांगितले. नेहमीच्या खाऊत व पेयांत साखर किती असते, याची माहिती विद्यार्थ्यांना त्यावरून मिळावी, असा त्यामागील हेतू आहे.