स्टेनलेस स्टीलच्या पिस्तुलावर हाताने वेलबुट्टी कशी कोरतात?

पिस्तुलाच्या स्लाइडवर आणि फ्रेमवर दिसणारी वळणदार नक्षी म्हणजे ‘स्क्रोल’. आत आत वळत जाणारी एक सर्पिल रेघ हा तिचा कणा असतो आणि त्यातून पाने फुटतात. ही पाने मूळची भूमध्य समुद्राकाठच्या अकँथस या वनस्पतीची. ग्रीक खांबांच्या माथ्यावर दिसतात तीच. आता लेझरनेही अशी नक्षी उमटवतात, पण हाताने कोरलेल्या रेघेची जाडी सुरुवातीपासून टोकापर्यंत बदलत जाते आणि लेझरची रेघ तिच्यापुढे सपाट वाटते.

इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया, बेल्जियममधील लिएज आणि ऑस्ट्रियातील फेरलाख ही या कामाची जुनी गावे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी ही कला रुजवली. न्यूयॉर्कचे लुई निम्श्के आणि कोल्ट कंपनीसाठी कोरणारे गुस्ताव यंग ही त्यातली मोठी नावे. त्यांच्यासमोर मात्र स्टेनलेस स्टील कधी आले नाही. स्मिथ अँड वेसनचे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर ‘मॉडेल ६०’ बाजारात आले ते १९६५ मध्ये.

आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते पूर्ण सुटे करतात. भागावर पांढऱ्या रंगाचा पातळ थर देऊन पेन्सिलीने वेल काढतात आणि अणकुचीदार सुईने ती धातूवर उतरवतात. पहिल्यांदा फक्त कणे काढायचे, पाने नंतर. कण्याचे वळण कुठे चेपले गेले असेल तर कितीही पाने काढा, ते लपत नाही.

कोरण्याचे अवजार म्हणजे ‘ग्रेव्हर’. (मराठीत ‘हत्यार’ दोन्हीला चालते, म्हणून इथे अवजारच म्हणू.) त्याला छोट्या हातोडीने ठोकत पुढे नेतात किंवा हवेच्या दाबावर चालणारी मूठ वापरतात. मूठ ठोके देते, दिशा आणि खोली हातच ठरवतो. म्हणून तेही हातकामच.

स्टेनलेसची खरी अडचण इथे सुरू होते. हा धातू चिवट आहे. त्याचा कीस अवजाराला चिकटतो आणि टोक पटकन तुटते. त्यामुळे बरेच कारागीर कार्बाइडचे ग्रेव्हर वापरतात आणि टोकाचा कोन बोथटसर ठेवतात. अवजार न कापता नुसते घासले गेले, तर ती जागा आणखी कडक होते, विशेषतः निकेल जास्त असलेल्या स्टीलमध्ये. मग दुसरा घाव घसरतो. घसरलेली रेघ खोडता येत नाही, आजूबाजूचा धातू घासून काढावा लागतो. धार जाण्याआधीच ती लावून घेणे हाच त्यावर उपाय.

शेवटी पानांमधली पार्श्वभूमी खोल करून तिच्यावर बारीक ठिपके मारतात आणि पानांवर छटेच्या रेघा ओढतात. साध्या पोलादाला नंतर रासायनिक प्रक्रियेने निळसर-काळा रंग देता येतो. स्टेनलेसवर तो सहज धरत नाही. म्हणून खोलगट भागात काळा रंग भरून वरचा पुसून टाकतात.

पिस्तुलाचा अनुक्रमांक मात्र कोरीवकामाच्या हद्दीबाहेर असतो. तो खोडणे अमेरिकेत गुन्हा आहे आणि दुसऱ्याचे पिस्तूल कामासाठी ठेवून घेणाऱ्या कारागिराला तिथे परवाना लागतो. भारतातही शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीवरची ओळखचिन्हे पुसण्यास किंवा बदलण्यास मनाई आहे. त्यामुळे वेलीची आखणी करतानाच क्रमांकाभोवती मोकळी जागा सोडतात.