सायकलीवरचे डाकू

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालं, की पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागतं. जिल्हा नाशिक, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, त्याआधी हा तालुका खानदेशातच होता. माझे मामू तिथे यंत्रमागावर काम करीत. शुक्रवारी माग बंद, की कामगारांचे पाय सिनेमाकडे वळत.

याच गावात शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवीत. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवताच ते सिनेमा शिकले. २००० च्या सुमारास त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे पन्नास हजार रुपयांत. घोडे परवडेनात, म्हणून डाकू सायकलींवर आले. आगगाडीच्या जागी बस धावली. नट सगळे गावातलेच. मामू पोट धरून हसले. मी मात्र बी.ए. झालेला, ‘ही तर नक्कल’ म्हणून नाक मुरडलं. मामू म्हणाले, “वो उनका शोले, बेटा. ये अपना है.”

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. बैलगाडीची क्रेन झाली, हिरव्या कापडापुढे नायक ‘उडाला’. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला, तरी काम थांबलं नाही. हे सारं फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात आहे. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनी ज्या गावाचं नाव वर्तमानपत्रांत गेलं, त्या गावाचं हसू त्या माहितीपटाने देशोदेशी नेलं.

या सुपरमॅनची लढाई तंबाखूशी होती. ती भूमिका करणारा शफीक शेख हा मागावरचा किडकिडीत कामगार. २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. पडद्यावर जिंकलेली लढाई घरी हरला.

२०२५ मध्ये नासिरभाईंच्या आयुष्यावरचा, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला. मुंबईची नक्कल करणाऱ्या माणसावर मुंबईने सिनेमा काढला! पाहायला मामू नव्हते.

मी घरात उर्दू बोलतो, कविता मराठीत लिहितो. सुरुवातीला मोठ्या कवींसारखं लिहायची धडपड केली. त्यात आमचा मोहल्ला कुठेच नव्हता. मग मागाची खडखड ओळींत येऊ दिली, तेव्हा कुठे शेजारीपाजारी ऐकायला थांबू लागले. नासिरभाईंनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. श्रोतेहो, नाक मुरडलेला तो शुक्रवार मला आजही खटकतो.