सुरतेचे भीमजी पारेख आणि मुद्रणाचा कागद

पश्चिम भारतातील मुद्रणाच्या इतिहासात सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांचे नाव आदराने घेतले जाते. ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापावेत या हेतूने त्यांनी १६७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे कुशल मुद्रकाची मागणी केली. तदनुसार १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक सालीना ५० पौंड वेतनावर मुंबईसाठी नेमला गेला. परंतु त्याला देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. भीमजींनी स्वतःची माणसे लावून बनिया लिपीचे खिळे पाडवून घेतले; त्यांवरून छापलेले नमुने सुरतेच्या अधिकाऱ्यांना सुवाच्यही वाटले. तथापि खर्च व दिरंगाई यांना कंटाळून त्यांना विलायतेहून ओतारी मागवावा लागला. या उद्योगातून निघालेला एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही.

ही हकीकत सांगताना आपण सहसा खिळ्यांपाशीच थांबतो. वस्तुतः हिल्सबरोबर यंत्र व खिळे यांच्या जोडीला पुरेसा कागदही पाठविण्याची आज्ञा संचालकांनी दिली होती. गुजरातेत कागदाची वाण होती असे मुळीच नाही. अहमदाबादचा कागद दूरदेशी जात असे. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टनने येथील कागद गुळगुळीत व चकचकीत असल्याचे लिहिले आहे. मग विलायती कागदाचे प्रयोजन काय? संचालकांनी कारण सांगितलेले नाही. परंतु कागदाच्या घडणीकडे पाहिले असता या प्रश्नाचा उलगडा पुष्कळसा होतो.

आपल्याकडील कागदी लोक चिंध्या, ताग, जुनी गोणपाटे यांचा लगदा करून ताव उचलीत, वाळल्यावर त्यास खळ लावीत आणि दगडाने घोटून चकाकी आणीत. हा सारा खटाटोप बोरूसाठी होता. काजळ व डिंक यांची पाणीदार शाई न घोटलेल्या कागदावर फुटते. घोटीव कागदावर मात्र बोरू अडखळत नाही आणि रेघ स्वच्छ उमटते. जुन्नरी वा दौलताबादी कागदावरील आपल्या पोथ्या व दप्तरे यांची टिकाऊ सुवाच्यता याच गुणात आहे.

मुद्रणाची गरज निराळी. तेथील शाई तेलाची असते, आणि खिळा कागदावर सरकत नाही, तो दाबला जातो. म्हणून कागद किंचित मऊ, शाई धरणारा व सर्वत्र सारख्या जाडीचा असावा लागतो. युरोपातील मुद्रक आपले ताव छापण्यापूर्वी दमट करून घेत. आपला घोटीव ताव दमट केला की खळ सैल होते व चकाकी जाते. कोरडाच छापला तर शाई पृष्ठावर राहून समोरच्या पानास लागते. अठराव्या शतकातील ‘मिराते अहमदी’ हा ग्रंथ अहमदाबादी कागदाच्या शुभ्रतेची वाखाणणी करतो, पण लगद्यात वाळूचे कण मिसळून घोटताना ते गळतात व बारीक छिद्रे पडतात, असेही नोंदवतो. अशा छिद्रात बोरू वाट काढील. शिशाच्या खिळ्याचा ठसा मात्र तेथे तुटणारच. सारांश, देशी कागद हिणकस नव्हता, तो दुसऱ्या हत्यारासाठी घडविलेला होता.

भीमजींचे अपयश कागदामुळे आले असे यावरून कोणी समजू नये. पत्रव्यवहारातील तक्रार ओताऱ्याविषयीच आहे. मात्र ग्रंथाचे आयुष्य कागद ठरवितो, हे विसरता येत नाही. तीनशे वर्षांची पोथी आजही उलगडता येते, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे छापील पुस्तक मात्र हातात घेताच तुकडे होते. लाकडाचा लगदा व तुरटीची प्रक्रिया यांतून कागदात उरलेले आम्ल हे त्याचे प्रमुख कारण होय. पुण्यास १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने चिंध्यांच्या कागदाची परंपरा नव्याने चालविली, तिचे महत्त्व या दृष्टीनेही आहे.

हस्तबांधणीच्या अथवा खिळाछापाच्या ग्रंथासाठी ताव निवडणाऱ्याने म्हणूनच केवळ डोळ्यांवर विसंबू नये. चिंध्यांचा, आम्लरहित, बेताची खळ दिलेला व न घोटलेला ताव छापास योग्य. घोटीव ताव सुलेखनासाठी राखावा. आपल्या ग्रंथसूचींतून पत्रसंख्या, ओळी व अक्षरे मोजली जातात, पण कागदाविषयी बहुधा एक शब्दही नसतो. शाळेच्या कपाटातील जुने पुस्तक उजेडासमोर धरून जाळीच्या रेघा दिसतात का, पृष्ठ घोटीव आहे का, कडा ठिसूळ झाल्या आहेत का, एवढे जरी शिक्षकांनी टिपून ठेवले, तरी कोणता ग्रंथ आधी वाचवावयाचा हे वेळीच कळेल.