वेक बेटावरचा मुक्काम

१९३५ साली पॅन अमेरिकन कंपनीच्या सागरी विमानांनी प्रशांत महासागर ओलांडला. सॅन फ्रान्सिस्को ते मनिला हे सुमारे ६० तासांचे उड्डाण होनोलुलू, मिडवे, वेक व ग्वाम येथील मुक्कामांनी विभागलेले असे.

वेक हे गोड्या पाण्याच्या झऱ्यावाचूनचे, मूळचे निर्जन बेट. तेथे कंपनीने हॉटेल उभारले. ते चालविण्याचे कष्ट उपसले प्रामुख्याने ग्वामच्या मूळ रहिवाशांनी, चामोरो कामगारांनी.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी हल्ल्यात हॉटेल उद्ध्वस्त झाले. गोळ्या लागलेले ‘फिलिपिन क्लिपर’ काही तासांतच उडाले. प्रवासी व कंपनीचे गोरे कर्मचारी सुटले. चामोरो मागेच राहिले. २३ डिसेंबरला बेट पडले आणि त्यांतील हयात कामगार कैदी झाले.

वैमानिकांच्या विश्रांतीचा इतिहास लिहिताना त्यांचे अंथरूण घालणाऱ्यांचीही नोंद हवी.