मामाची बॅटरी

मागच्या डिसेंबरात राजमाचीला तंबू टाकला तेव्हा पॉवर बँकऐवजी मामाच्या ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी नेली. मामा फर्निचरची कामं करतो. हिशोब सोपा होता: ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने, ५ अँपिअर-अवर, म्हणजे ९० वॉट-अवर. फोन चार-पाच वेळा आरामात!

बिनवायरचं ड्रिल नासाने शोधलं असं आपण ऐकतो. साफ चूक. ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम सेलवरचं ड्रिल १९६१ सालीच काढलं होतं. नासाला ते चंद्रासाठी हवं होतं, तिथे प्लग कुठे खुपसणार? १९७१ साली अपोलो १५ च्या मंडळींनी बॅटरीच्या ड्रिलने चंद्राला भोकं पाडली. त्याच कामातून पुढे १९७९ चा डस्टबस्टर हा हातातला व्हॅक्यूम क्लीनर आला. म्हणजे बॅटरी हत्याराबाहेर पडायची सवय जुनीच.

लिथियम-आयन सोनीने १९९१ साली बाजारात आणली, पण जड कामाच्या हत्यारांत यायला २००५ उजाडलं (मिलवॉकीची २८ व्होल्टची हत्यारं). आणि इथेच मी गंडलो. सेल फार उतरले की कायमचे खराब होतात, म्हणून वेळीच वीज तोडावी लागते. बऱ्याच कंपन्यांत हे काम बॅटरी नाही, ड्रिल करतं. माझ्या घरगुती ५ व्होल्टच्या अडॅप्टरला कुठली अक्कल? रात्रभर दिवा चालू राहिला. सोमवारी चार्जर ती बॅटरी घेईचना.

"अरे, आज वसईला किचन बसवायचंय मला," एवढंच मामा म्हणाला.

नवी बॅटरी घेऊन दिली. अडॅप्टरही आता १५ व्होल्टला बंद पडतो. मामा मात्र बॅटरी देत नाही.