परभणीच्या येलदरी धरणात ट्राउट मासा का मिळत नाही?

जंगलातलं तळं, हातात लांब लवचिक काठी आणि हवेत लहरणारी दोरी. ‘फ्लाय फिशिंग’चे असे व्हिडिओ सोशल मीडियावर दिसतात. यात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखं आमिष बनवतात. ते फार हलकं असल्याने जड दोरीच्या झोतानेच ते लांब फेकता येतं. खरा किडा समजून ट्राउट ते तोंडात घेतो.

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या येलदरी जलाशयात मात्र ट्राउट मिळणार नाही. कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन घटतो. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. ट्राउटला १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. २५ च्या पुढे त्याला जगणं अवघड होतं. परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो.

ट्राउट मुळात भारतातला नाहीच. इंग्रजांनी तो निलगिरीत आणि १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला. तिथल्या थंड पाण्यात तो रुजला.

मराठवाड्यातल्या कोमट पाण्यात रोहू, कटला, मरळ तग धरतात. मरळ तर वर येऊन हवेतूनही श्वास घेते आणि पृष्ठभागावरच्या हलत्या आमिषावर झडप घालते. त्यामुळे ‘फ्लाय’चा प्रयोग तिच्यावर करता येतो. मात्र जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यावर अनेक घरं चालतात, म्हणून गळ टाकण्याआधी परवानगी घ्यावी.