पानांवर दिसणारी भूक

पिकाचे पान अवेळी रंग बदलू लागले की शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो असा की, हा रोग आहे की उपासमार? दोहोंची लक्षणे पुष्कळदा सारखी दिसतात, परंतु उपाय अगदी निराळे असतात. आम्हां सुरतकरांस हा प्रश्न कापसामुळे परिचित आहे. १८९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या सरकारी कापूस संशोधन क्षेत्रातच सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हे वाण सिद्ध केले आणि १९७० मध्ये जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस शेतकऱ्यांच्या हाती आला. कपाशीचे पान तांबडे होण्यास खानदेश-विदर्भात ‘लाल्या’ म्हणतात. मॅग्नेशियम वा नत्र अपुरे पडले तरी पान लाल होते, रात्री गारठल्या तरी होते आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरीही होते. नुसत्या रंगावरून निवाडा करणारा येथे हमखास फसतो.

हा गुंता सोडविण्याची पद्धत जर्मनीत सुमारे १८६० च्या सुमारास आकारास आली. सॅक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी मातीविना, केवळ क्षार विरघळविलेल्या पाण्यात रोपे वाढविली. त्या द्रावणातून एकच क्षार वगळायचा आणि रोप काय बोलते ते पाहायचे, ही ती रीत. तीतूनच पुढे उपासमारीचे व्याकरण तयार झाले. नत्र, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांस देते. म्हणून त्यांची उणीव प्रथम खालच्या पानांवर उमटते. लोह व कॅल्शियम यांना असे हलविता येत नाही, त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याकडे दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे पान तळाशी असेल तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी, शेंड्याशी असेल तर लोहाची. आज परदेशांत परवान्याने पाण्यावर वाढविल्या जाणाऱ्या भांगेच्या झाडांसही हेच नियम लागू पडतात.

या विद्येचा भारतातील एक ठळक विजय यशवंत लक्ष्मण नेने यांच्या नावावर आहे. महाराष्ट्राबाहेर राहून कीर्ती मिळविलेल्या या मराठी माणसाचे स्मरण आपल्यासारख्या कुटुंबांनी तरी ठेवावे. हिमालयाच्या पायथ्याशी तराईतील जंगल तोडून नवी शेते झाली आणि १९६० मध्ये पंतनगरला कृषी विद्यापीठ निघाले. त्या शेतांतील भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत आणि रोपे खुजी राहत. खैराच्या कातावरून लोक या विकारास ‘खैरा’ म्हणत. नेने हे वनस्पतिरोगांचे अभ्यासक होते. बुरशी, जिवाणू, विषाणू हे त्यांच्या शास्त्राचे नेहमीचे आरोपी. परंतु १९६६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, येथे कोणताही जंतू दोषी नसून भाताला जस्त मिळत नाही. हेक्टरी ५ किलो जस्त सल्फेट व २.५ किलो विरविलेला चुना पाण्यातून फवारावा, हा उपाय त्यावरून रूढ झाला. चुन्यामुळे द्रावणाची आम्लता मोडते आणि पान करपत नाही.

यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, अशा जमिनीत जस्त मुळीच नसते असे नाही. चुनखडीच्या, साचलेल्या पाण्याच्या जमिनीत ते असूनही मुळांच्या हाती लागत नाही. पाण्यावरील शेतीतही द्रावणाची आम्लता बिघडली की असेच घडते. ताट भरलेले असते आणि जेवणारा उपाशी राहतो.

नेने पुढे हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या संस्थेत गेले. १९९४ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे कृषी-इतिहासासाठी प्रतिष्ठान स्थापिले. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’ची हस्तलिखित प्रत मिळविली. नलिनी साधले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. वृक्षांचे काही विकार आतून, वातपित्तकफांच्या बिघाडाने होतात आणि काही कीड, थंडी अशा बाह्य कारणांनी, असा भेद सुरपालाने केला आहे. त्याची परिभाषा आज आपण स्वीकारणार नाही, तथापि आतले कारण व बाहेरचे कारण वेगळे करण्याची त्याची निकड तीच होती, जी खैराच्या शेतात नेन्यांची होती. २०१८ मध्ये नेने निवर्तले.

आपल्यापैकी अनेकांची शेती अद्याप तापीकाठी आहे. पान लाल वा पिवळे झाले की औषधाच्या दुकानी जाण्यापूर्वी ते पान उलटून कीड पाहावी, पान जुने की नवे हे ताडावे आणि संशय राहिल्यास चार ओळींवरच उणीव भरून पाहावी. त्या चार ओळी पुन्हा हिरव्या झाल्या तर शेजारच्या ओळींना काय हवे ते आपोआप कळेल.